टेबलावरची मोजणी

ग्रंथपालबाईंचा शिक्का कधी फिसकटला नाही. तारखेचा असो, संस्थेचा असो की 'रद्द'चा, पानावर उमटायचा तो सरळ आणि ठसठशीत, चारी कडा जागच्या जागी. नवा माणूस कामाला लागला की बाई त्याला आधी शिक्का मारायला शिकवायच्या. तो बिचारा मन लावून शिकायचा आणि तरी वाकडाच मारायचा. मग बाई त्याच्या हातातून शिक्का काढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "राहू दे, मीच बघते." त्यांचं अर्धं आयुष्य या "मीच बघते"मध्ये गेलं. बघायच्या मात्र त्या काउंटरवरूनच. हे त्यांना फार उशिरा कळलं, आणि कळलं ते अशा रीतीनं की आजही खिडकीजवळच्या कोपऱ्यातून जाताना त्यांची मान खाली जाते.

वाचनालय होतं नगरपालिकेच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. खाली जन्ममृत्यूची नोंद, वर पुस्तकांची. जिन्याचा कठडा हात लागून लागून गुळगुळीत झालेला. आत शिरलं की डावीकडे काउंटर, मधोमध लांबलचक टेबल, भिंतींना लोखंडी कपाटं, आणि पार शेवटी, काउंटरपासून सगळ्यात लांब, रस्त्याकडच्या खिडकीजवळ चार खुर्च्या नि एक बुटकं, बिनदाराचं कपाट. बाई इथे हंगामी म्हणून लागल्या तेव्हा त्यांचं लग्नही झालं नव्हतं. तेव्हाच्या ग्रंथपालांना सगळे मोठे साहेब म्हणत. ते वाचकांपेक्षा पुस्तकांशी जास्त गोड बोलत. त्यांनी बाईंना पहिल्याच दिवशी एक नियम शिकवला, जो भिंतीवरही पाटी करून लावलेला होता: वाचून झालेले पुस्तक टेबलावरच ठेवावे, कपाटात परत ठेवू नये.

बाहेरच्या माणसाला हे उफराटंच वाटतं. घेतलं तिथे ठेवावं, हे तर आपल्याला लहानपणी कान धरून शिकवलेलं असतं. पण वाचनालयाची तऱ्हा वेगळी. वाचक पुस्तक परत ठेवतो ते हमखास भलत्या जागी, आणि भलत्या जागी गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा. शिवाय जे पुस्तक कुणी घरी नेत नाही, इथेच बसून वाचतं, ते वाचलं गेलं हे कळायचं कसं? तर संध्याकाळी टेबलावर पडलेली पुस्तकं बघायची, प्रत्येकाच्या नावापुढे वहीत एक रेघ ओढायची, आणि मग शिपायानं ती जागेवर लावायची. याला म्हणायचं टेबलावरची मोजणी. घरी नेल्याचा शिक्का नाही, टेबलावरची रेघ नाही, असं एखादं पुस्तक वर्षानुवर्षं पडून राहिलं की ते मेलं असं समजून रद्द करायचं. मोठे साहेब निवृत्त झाले, बाई त्यांच्या खुर्चीत बसल्या, पण नियमाचा काना-मात्राही हलला नाही. बाईंच्या तो इतका अंगात मुरला होता की घरी नवऱ्यानं धुऊन फळीवर ठेवलेला कपसुद्धा त्या खाली काढून पुन्हा स्वतः ठेवायच्या.

अशा या बाईंची एक दुखरी नस होती, ती म्हणजे प्रशिक्षण. वरून परिपत्रक यायचं. त्यात एकाहून एक विषय असायचे. बाई हौसेनं अर्ज पाठवायच्या, आणि निवड व्हायची ती दरवेळी मोठ्या शहरातल्या कुणाची तरी. वरवर त्या म्हणायच्या, "मला कुठे वेळ आहे जायला!" पण त्या दिवशी कुणी उशिरा पुस्तक परत आणलं तर त्याची धडगत नसे. आपण काहीच नवं न शिकता या खुर्चीत म्हातारे होणार, ही भीती त्यांना आतून कुरतडत होती. ती त्यांनी कुणाला बोलून दाखवली नाही.

आणि एके वर्षी निवड झाली. विषय होता: परभाषिक वाचकांपर्यंत वाचनालय कसं पोचवावं. गावाबाहेरच्या काचकारखान्यात कित्येक वर्षांपासून दूर मुलखातली माणसं कामाला येत होती. त्यांच्या मागून त्यांच्या बायका आल्या, पोरं आली, म्हातारे आईबाप आले. त्यांची भाषा वेगळी, लिपी वेगळी. अशा गावातला ग्रंथपाल हवा म्हणून वरच्यांना बाईंची आठवण झाली.

बाईंचा नवरा बस डेपोत गाड्यांच्या वेळा लिहायचा. बातमी ऐकून तो म्हणाला, "म्हणजे सुटली एकदाची तुझी गाडी. किती वर्षं फलाटावर उभी होतीस!"

"थट्टा पुरे. चांगली बॅग कुठे आहे?"

"तुझ्याच जागी. मी कशाला हात लावतोय?"

प्रशिक्षणाचे दोन भाग होते, मध्ये काही आठवड्यांची फट. पहिल्या भागात बाई पहिल्या रांगेत बसल्या. कित्येक वर्षांनी त्या विद्यार्थी झाल्या होत्या आणि त्यांना ते इतकं गोड वाटलं की मधल्या सुट्टीतही त्या जागेवरून हलत नसत. शिकवणाऱ्या मॅडम वयानं लहान होत्या, आवाज मऊ, पण प्रश्न नेमका वर्मावर. शेवटच्या दिवशी त्यांनी घरचा अभ्यास दिला. प्रत्येकानं आपापल्या वाचनालयात परभाषिकांसाठी एक कोपरा उभा करायचा आणि फोटो घेऊन यायचं. ज्यांचं काम उजवं ठरेल त्यांना पुढच्या वर्षी शिकवायला बोलावणार. त्यांनी आणखी एक काम सांगितलं. नवा कोपरा उघडाल त्या सकाळी काउंटर सोडा, वाचकाच्या खुर्चीत बसा, काही करू नका, नुसतं बघा. शिकवायला बोलावणार, एवढंच बाईंच्या कानात घोळत राहिलं.

परत येताच त्यांनी कंबर कसली. रंगकामाच्या निमित्तानं वाचनालय आठवडाभर बंद ठेवलं. उजेडाची जागा एकच, खिडकीजवळची. तिथे ते बुटकं कपाट होतं. कपाटात होती त्या परमुलखातल्या लोकांच्याच भाषेतली पुस्तकं. काचकारखान्यातला कामगारांचा जुना क्लब बंद पडला तेव्हा ती देणगी म्हणून आली होती. मोठ्या साहेबांना लिपी वाचता येईना, म्हणून त्यांनी दप्तरात लिहून ठेवलं होतं, 'परभाषा, निळी, जाड' आणि 'परभाषा, तपकिरी, फाटकी'. बाईंनी एकेका पुस्तकाचं पहिलं पान उघडून पाहिलं. घरी नेल्याचा एकही शिक्का नाही. तो नसणारच होता, कारण सभासद व्हायला दोन जुन्या सभासदांची हमी लागे आणि या लोकांना ओळखतं कोण? पण टेबलावरच्या मोजणीतही रेघ नाही. इतक्या वर्षांत एक म्हणून नाही.

"ज्यांची भाषा आहे तेसुद्धा ढुंकून बघत नाहीत," बाई म्हणाल्या.

शिपाईमामा दारात उभे होते. ते बाईंच्या आधीपासून इथे होते आणि कामाला कधी नाही म्हणत नसत, फक्त ते दुसऱ्यानं केलं तर त्यांना जास्त आवडे. "सगळीच काढायची बाई?"

"सगळी."

"बघा बुवा," असं म्हणून मामा सुतळी आणायला गेले.

बाईंनी दुपारभर बसून प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर 'रद्द'चा शिक्का मारला. एकही फिसकटला नाही. रद्दीवाला हातगाडी घेऊन आला नि गठ्ठे घेऊन गेला. त्या जागी सतरंजी आली, रंगीत गाद्या आल्या, छोटे चौरंग आले, भरपूर चित्रांची कोरी पुस्तकं आली, आणि भिंतीवर नाना भाषांत लिहिलेलं 'स्वागत' आलं. बाईंनी चार पावलं मागे होऊन बघितलं आणि त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. फोटो तर असा आला की नवऱ्यालाही खोट काढता आली नाही.

वाचनालय उघडलं त्या सकाळी बाई मासिक घेऊन खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या. पोरखेळच वाटत होता त्यांना तो, पण मॅडमनी सांगितलं म्हणजे करायचं.

थोड्या वेळानं करड्या टोपीचे आजोबा आले. बाई त्यांना कित्येक वर्षं ओळखत होत्या, म्हणजे पाठमोरे ओळखत होत्या. काउंटरवरून त्यांची टोपी आणि कोटाची पाठ तेवढी दिसायची. खिडकीतल्या उन्हाला येऊन बसतात, असा बाईंचा समज होता. "बसू दे बिचाऱ्यांना," असं त्या मामांना म्हणायच्या, आणि आपल्या मोठ्या मनाचं त्यांना स्वतःलाच कौतुक वाटायचं.

आजोबांनी चालता चालताच चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. कोपऱ्याशी येऊन ते न बघताच वाकले आणि त्यांनी हात पुढे केला, जसा आपण अंधारात आपल्या घरातल्या दिव्याच्या बटणाकडे करतो. हात गादीवर पडला. तो तिथेच राहिला. मग त्यांनी खाली बघितलं. चौरंगाच्या मागे बघितलं, गाद्यांच्या मागे बघितलं, शेजारच्या कपाटाच्या फळ्यांवरून बोट फिरवत गेले आणि परत आले. कुणाला काही विचारलं नाही. खुर्चीत बसले, चष्मा काढला, त्याची घडी करून खिशात ठेवला आणि रिकामे हात मांडीवर घेऊन बसून राहिले. बाईंनी मासिक मिटलं.

मग दोन बायका आल्या, एकीच्या कडेवर मूल. त्याही सरळ तिथेच आल्या, थबकल्या, आपसांत कुजबुजल्या. एकीनं चित्रांचं एक पुस्तक उचललं, चाळलं, आणि जिथून उचललं होतं तिथेच परत ठेवलं. ठेवून झाल्यावर बोटानं त्याची कड शेजारच्या पुस्तकाच्या रेषेत आणली. अगदी सावकाश, नीटस.

बाई त्या बोटाकडे बघत राहिल्या, आणि मग तडक उठून मामांना घेऊन मागच्या खोलीत गेल्या.

"मामा, ते टोपीवाले आजोबा इथे काय करायचे हो?"

"काय करायचे म्हणजे? वाचायचे."

"काय वाचायचे?"

"ती निळी जाडजूड होती ना, ती. एकामागून एक. शेवटच्या भागापर्यंत आले होते. खूण घालायला माझ्याकडूनच सुतळीचा तुकडा नेला होता. त्या बायका फाटकी वाचायच्या."

"मग टेबलावर एकदाही का नाही दिसलं पुस्तक?"

"ते लोक भारी शिस्तीचे. उठले की पुस्तक जागच्या जागी. त्या कपाटाला मला कधी हात लावावा लागला नाही."

"आणि तुम्ही मला बोलला नाहीत?"

मामांनी मान खाजवली. "मला वाटलं, तुम्हाला दिसतंय की. तुम्ही समोरच असता. आणि खरं सांगू का बाई, तेवढंच एक कपाट मला कमी होतं."

बाईंनी दारातून भिंतीवरच्या पाटीकडे बघितलं. अक्षरं मोठी होती, काळीभोर होती, आणि फक्त त्यांच्याच भाषेत होती. ज्यांना ती वाचता येत नव्हती ते आपले घरी शिकवलेल्या रीतीनं वागत राहिले. घेतलं तिथे ठेवलं. जितकं चोख ठेवलं तितके ते बाईंच्या वहीतून पुसले गेले. आणि बाई समोर बसून, रोज त्यांच्या पाठी बघून, वहीवर विश्वास ठेवत राहिल्या. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वहीला डोळे नसतात हे एक वेळ ठीक, पण आपल्याला होते की!

त्या तशाच रद्दीवाल्याकडे गेल्या. तो तराजू पुसत होता.

"ती परवाची पुस्तकं? ती गेली की लगद्याच्या गिरणीत."

"इतक्या लवकर?"

"एरवी मी ठेवतो थोडे दिवस. चुकून आलेलं असलं तर लोक परत शोधत येतात. पण तुमचा शिक्का बघितला. इतका स्पष्ट! म्हटलं, इथे चुकीचा प्रश्नच नाही."

घरी बाईंना घास गिळवेना. नवऱ्यानं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. तो आधी काहीतरी विनोद करणार होता, पण त्यानं तो गिळला.

"आमच्याकडेही होतं असं," तो म्हणाला. "गाडीत पास काढलेले उतारू असतात. त्यांना तिकीट फाडायचं नसतं. मग तिकिटं मोजून साहेब म्हणतात, ही फेरी रिकामी धावते, बंद करा."

"मग तुम्ही काय करता?"

"मी काय करणार? मी वेळा लिहितो."

बाईंना रडू आलं. त्याला वाटलं आपलं काही चुकलं, म्हणून तो भांडी घासायला उठला, आणि कप फळीवर ठेवताना दोनदा जागा तपासून बघितली. त्यानं तर त्यांना आणखीनच लाज वाटली.

प्रशिक्षणाचा दुसरा भाग तोंडावर आला होता. बाईंनी ठरवलं, तिथे उभं राहून सरळ सांगायचं: मी हे केलं. वाटभर त्या वाक्यं जुळवत होत्या. पण पडद्यावर त्यांच्या कोपऱ्याचा फोटो आला, आणि सगळा वर्ग "अरे वा!" म्हणाला. टाळ्या वाजल्या. इतक्या वर्षांत बाईंसाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. त्या उभ्या राहिल्या तेव्हा वाक्यं तोंडाशी होती. तेवढ्यात मॅडमनी विचारलं, "छान! आणि आधी तिथे काय होतं?"

आयती संधी होती. दार कुणीतरी उघडून धरलं होतं, फक्त आत पाऊल टाकायचं होतं.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "पडीक जागा होती."

मॅडमनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं. संध्याकाळी नावं जाहीर झाली, त्यात बाईंचं नाव पहिलं होतं. ज्या घटकेची त्यांनी एवढी वाट पाहिली ती ही अशी आली. अभिनंदन करणाऱ्यांच्या गर्दीत त्यांना कुणाच्या डोळ्याला डोळा देववेना. पुस्तकं रद्द केली ती अजाणतेपणी. हे मात्र त्यांनी जाणूनबुजून केलं होतं, आणि याचा शिक्का कुठल्याच पानावर मारता येणार नव्हता.

निघताना जिन्यात त्यांना एका मोठ्या वाचनालयाचे ग्रंथपाल भेटले. त्यांच्याकडे याच भाषेतली पुस्तकं कपाटंच्या कपाटं भरून होती. बाईंनी धीर करून विचारलं, एखादा भाग काही दिवसांसाठी मिळेल का?

"का नाही? वाचनालयांची आपसांत देवघेव चालतेच. पुस्तकाचं नाव तेवढं कळवा."

नाव! बाईंना नावच माहीत नव्हतं. दप्तरात होतं 'निळी, जाड'. जे पुस्तक त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं आणि एका दुपारी संपवलं, त्याचं नाव त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं. आता ते सांगू शकणारा गावात एकच माणूस होता, आणि त्याच्यासमोर जाऊन उभं राहायचं होतं.

आजोबा अजूनही रोज येत होते. खिडकीत बसायचे, रस्ता बघायचे, जायचे. आता ते खरोखरच उन्हाला बसत होते. संध्याकाळी कारखाना सुटला की त्यांची सून त्यांना न्यायला यायची. तिला इथली भाषा बऱ्यापैकी येत होती. बाई काउंटर ओलांडून त्यांच्याजवळ गेल्या तेव्हा ती घाईनं उभी राहिली.

"मॅडम, इथे बसायचं नाही का? आम्ही जातो."

बाईंना वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. "नाही, नाही, बसा. मला फक्त आजोबांना विचारायचं होतं. ते वाचत होते त्या पुस्तकाचं नाव काय?"

"ती पुस्तकं कुठे गेली?"

"ती... काढली गेली," बाई म्हणाल्या, जशी काही ती वाऱ्यानं उडून गेली होती.

सुनेनं सासऱ्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. नाव सांगताना त्यांनी ते दोनदा सांगितलं, सुनेकडून कागदावर लिहून घेतलं, आणि एक अक्षर खोडून नीट करायला लावलं. मग ते बराच वेळ बोलत राहिले. सून हसली.

"काय म्हणतात?"

"ते घरी येऊन जेवताना आम्हाला सांगायचे, आज गोष्टीत काय झालं. माझी मुलं ऐकतात, शेजारचे पण ताट घेऊन येतात. आता सगळं थांबलंय. मुलं रोज विचारतात, ती बाई पूल ओलांडून गेली का? हे म्हणतात, मला काय माहीत, पुस्तकच नाही." मग म्हणाली, "शेवटची पानं आधी वाचायची नाहीत, असा यांचा नियम आहे. नाहीतर कधीच वाचून झालं असतं."

बाईंनी त्या आठवड्यात झपाटल्यासारखं काम केलं. देवघेवीची विनंती धाडली. आजोबांच्या सभासदत्वाच्या कागदावर हमी म्हणून स्वतः सही केली, दुसरी मामांची घेतली, आणि त्या दोन बायकांनाही सभासद करून घेतलं. आपल्याला ओळखतं कोण, हा प्रश्न त्यांना पडू नये म्हणून. सुनेला चहा पाजून तिच्याकडून भिंतीवरच्या सगळ्या पाट्या तिच्या भाषेत लिहून घेतल्या, त्यांत टेबलाची पाटीही आली, आणि तिच्याखाली बाईंनी सांगितलेलं कारण: टेबलावरची पुस्तकंच मोजली जातात, न मोजलेली रद्द होतात. ती लिहिताना सुनेचा हात क्षणभर थांबला. तिनं पाटीकडे बघितलं, मग कोपऱ्याकडे बघितलं, मग बाईंकडे. विचारलं काहीच नाही, पाटी पुरी केली. बाईंनीही काही सांगितलं नाही. अजून थोडे दिवस जाऊ देत, पुस्तक हातात आलं की सांगू, असं त्या मनाशी म्हणत राहिल्या.

शेवटचा भाग आला. त्याचं कव्हर निळं नव्हतं, तपकिरी होतं, पण आजोबांनी पहिलं पान उघडून बघितलं आणि पुस्तक छातीशी धरलं. घरी न्यायची मुभा असूनही ते खिडकीतच बसून वाचायचे. मामांनी सुतळीचा नवा तुकडा दिला. बाईंनी आपली खुर्ची काउंटरच्या दुसऱ्या टोकाला सरकवून घेतली. आता तिथून त्यांना आजोबांची पाठ नाही, बाजूनं चेहरा दिसायचा. एखाद्या पानावर ओठ हलायचे, एखाद्यावर भुवया वर जायच्या. एका संध्याकाळी ते हसले, आवाज न करता, खांदे हलवून. हे सगळं इतकी वर्षं इथेच चाललं होतं.

मग त्यांनी पुस्तक मिटलं. सून आलेली होती, मागे उभी होती. आजोबा उठले आणि सवयीनं कोपऱ्याकडे वाकले. अर्ध्यावर थांबले. भिंतीवरच्या नव्या पाटीकडे बघितलं, आणि वळून हळूहळू चालत काउंटरपाशीच आले. पुस्तक त्यांनी दोन्ही हातांनी बाईंच्या समोर ठेवलं आणि मान लववून काहीतरी बोलू लागले. बोलताना त्यांची नजर खाली होती.

सुनेनं सांगितलं, "ते म्हणतात, माफ करा. एवढी वर्षं ते पुस्तकं आपल्या हातानं परत ठेवत होते. नियम माहीत नव्हता. तुमची मोजणी आमच्यामुळे चुकली." मग तिनं पुढचं सांगितलं, "म्हणतात, आम्ही नीट वागलो असतो तर ती पुस्तकं राहिली असती."

ज्या माणसाची बाईंनी माफी मागायची तो त्यांच्यासमोर माफी मागत उभा होता. त्या खुर्चीवरून उठल्या.

"नाही. त्यांना सांग, चूक माझी आहे. मी समोर बसून कधी बघितलं नाही. पुस्तकं काढली गेली नाहीत, मी काढली. प्रत्येकावर शिक्का मी मारला. आणि तिकडे मोठ्या लोकांनी विचारलं, आधी तिथे काय होतं, तर मी म्हटलं, काही नव्हतं. हेही सांग."

आजोबा दोघींकडे आळीपाळीनं बघत होते.

"सांग ना ग."

"मला आधीच कळलं होतं, मॅडम, पाटी लिहिताना," ती हळू आवाजात म्हणाली. "पण हे मी त्यांना सांगणार नाही. आपल्याकडून नियम चुकला, एवढं ते सोसतील. आपण इथे रोज बसत होतो आणि कुणाला दिसलोच नाही, हे त्यांना नका सांगायला लावू."

बाईंचं सांगायचं ते सांगून झालं होतं, आणि ते जिथे पोचायला हवं तिथे पोचणार नव्हतं. इतके दिवस टाळलं, म्हणून आता ते ओझं उतरवून ठेवायलाही जागा उरली नव्हती.

आजोबांना सुनेनं काहीतरी थोडक्यात सांगितलं. ते समाधानानं हसले. मग त्यांनी पुस्तकावर बोट ठेवलं, नंतर मोजणीच्या वहीवर ठेवलं, आणि हवेत एक रेघ ओढून दाखवली. लिहा, म्हणत होते ते. बाईंनी वही उघडली. सुनेच्या कागदावरून बघून पुस्तकाचं नाव, आपल्याला येईल तसं, आजोबांच्याच लिपीत लिहिलं, आणि त्यापुढे रेघ ओढली. जन्मात पहिल्यांदा त्यांची रेघ वाकडी आली.

आजोबा काउंटरवर वाकून ती रेघ नीट बघत राहिले. मग त्यांनी मान हलवली आणि इथल्या भाषेतला त्यांना येणारा एक शब्द उच्चारला.

"बरोबर," ते म्हणाले, आणि घरी सगळे ताट घेऊन वाट बघत असतील म्हणून लगबगीनं जिना उतरून गेले.